सूनबाईचे बदक

आमची सूनबाई शहरातल्या सार्वजनिक ग्रंथालयाचा संगणक सांभाळते. तिच्याविषयी मी काय लिहिणार? तिला संगणकाच्या चार भाषा लिहिता येतात, मला ही एकच, तीही भीतभीत. पण ती पाचवी भाषा शिकली तेव्हा मी शेजारी बसलेलो होतो, एवढाच माझा अधिकार.

ही पाचवी भाषा 'फंक्शनल' म्हणतात त्या जातीची. साहेबांनी सांगितले होते, परत आलेली पुस्तके कपाटवार लावणारा प्रोग्रॅम शुक्रवारी या भाषेत चालवून दाखवा. नाहीतर काम बाहेरच्या कंपनीकडे आणि तुम्ही पुस्तके देण्याघेण्याच्या खिडकीवर. खिडकीवर ती पूर्वी एकदा बसली होती. "हे कशाला नेताय, शेवट अगदीच फुसका आहे," असे तिने एका गृहस्थांना सांगितले आणि शेवटही सांगून टाकला.

ग्रंथालयाला रंग देणे चालू होते, म्हणून ती घरी जेवणाच्या टेबलावर काम करत होती. अडले की ऑफिसात ती टेबलावरच्या लाकडी बदकाला सगळे समजावून सांगते. सांगता सांगता आपली चूक आपल्यालाच सापडते म्हणे. बदक मात्र ऑफिसात राहिले होते.

"बाबा, जरा बसता इथे? बोलायचं काही नाही, नुसतं ऐकायचं."

एवढे मला जमण्यासारखे होते.

"या भाषेत एकदा क्ष म्हणजे पाच म्हटलं की पाचच. मागाहून बदलता येत नाही."

"म्हणजे तुझ्या सासूबाईंची मतं..."

"बाबा, बदक बोलत नाही."

"मला ऐकू आलं हं," स्वयंपाकघरातून आवाज आला. "मतं बदलायला ती आधी चुकावी लागतात."

सूनबाईने हसू दाबले. "पहिलं पुस्तक लावायचं आणि उरलेला गठ्ठा पुन्हा त्याच कामाच्या हवाली करायचा. ते पुन्हा पहिलं लावणार, उरलेला पुढे. शेवटच्या पुस्तकापर्यंत सगळं सुरळीत, आणि मग धाडकन बंद पडतं!"

गुरुवारी संध्याकाळपर्यंत ते तसेच बंद पडत होते. "उद्यापासून खिडकी," म्हणून तिने टेबलावर डोके टेकले. मग उठून आमच्याच फळीवरची पुस्तके उपसली.

"शेवटचं एकदा, बाबा. मी एक लावते, उरलेली तुम्हाला. तुम्ही एक लावा, उरलेली मला. नियम मोडायचा नाही."

गठ्ठा इकडून तिकडे जात लहान होत गेला. शेवटचे पुस्तक माझ्याकडे आले. ते मी फळीवर ठेवले. आता उरलेली तिला द्यायची. उरले काहीच नव्हते, पण नियम मोडायचा नव्हता. मी दोन्ही रिकामे हात तिच्यापुढे धरले. काहीतरी आपलेच चुकले, असे वाटत होतेच.

ती हातांकडे बघत राहिली.

"अगंबाई! हातात काहीच आलं नाही तर काय करायचं, हे मी त्याला सांगितलंच नाही!"

तिने एक ओळ वाढवली: काही नसेल तर काम संपले. प्रोग्रॅम सुतासारखा सरळ चालला.

शुक्रवारी साहेबांसमोरही चालला. संध्याकाळी तिने पर्समधून लाकडी बदक काढून माझ्यापुढे ठेवले.

"याला निवृत्त केलं, बाबा. पुढची भाषा आली की तुम्हीच."

"ठेव यांच्या शेजारी," आमची ही म्हणाली. "दोघांनाही सोबत होईल. बोलत कुणीच नाही."

मला चांगलेसे उत्तर सुचले होते. पण सूनबाईने माझ्याकडे पाहिले आणि मला बदकाचा नियम आठवला.