सुवार्ताच्या अंगणातला अंजीर

सुवार्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी रिसोडच्या बाजारात पत्रकं वाटत होते. 'उन्हाळा दारात, साहेब घोरतात!' असं ठळक अक्षरांत छापलेलं. गठ्ठा तसाच पिशवीत कोंबून जऊळक्याला तिच्या घरी पोचले... आणि अंगण पाहून आधी रडू आलं नाही, राग आला. मेडशीकडच्या वस्त्यांवरच्या बाया जिपा भरभरून आल्या होत्या. माझ्या सभेला यातल्या निम्म्याही कधी फिरकल्या नव्हत्या.

कॉलेज सुटल्यापासून आम्ही दोघी एकच काम करत होतो. विहिरी आटल्यावर टँकर मागायचा नाही, आटायच्या आधी मागायचा. त्यासाठी हिवाळा सरता सरता बायांना तहसीलवर न्यायचं. लोकांच्या घशाला कोरड पडल्याशिवाय सरकारला जाग येत नाही, याची मला चीड आहे, आजही आहे. पत्रकं मी लिहायची. लोक त्यात मुरमुरे बांधून न्यायचे. सुवार्ता ख्रिस्ती घरातली. ती वस्तीवर जाताना फार तर अंगणातल्या अंजिराची एक डहाळी घ्यायची, बायांमध्ये मांडी घालून बसायची आणि येशूचा दृष्टांत सांगायची. अंजिराची डहाळी कोवळी झाली, पानं फुटली, की उन्हाळा जवळ आला हे कोणी सांगावं लागत नाही. तशा बाकीच्या खुणाही ओळखायला शिका. एकदा एक म्हातारी म्हणाली, "आमच्याकडं तं पळस फुलते, माय."

"मंग पळस पाय ना आजी. येशू काय अंजीर विकाले बसला होता?"

बाया खो खो हसल्या. दुसऱ्या दिवशी त्याच म्हातारीसकट सगळ्या टेम्पोत.

मी तिला तोंडावर म्हटलं होतं, "देवाची गोष्ट सांगून माणसं जमवणं सोपं असते."

तिला राग आला नाही. तिचा हाच गुण मला सहन व्हायचा नाही. म्हणाली, "तुले वाटते, हा दृष्टांत भेव घालाले हाय. नीट आयक. खूण कायची हाय? झाड वाळल्याची नाही, पालवल्याची. तुह्या पत्रकात एक तरी पान हिरवं हाय काय, पुनमे?"

घरी येऊन मी बायबलातला तो भाग शोधून वाचला, तिला खोटं पाडायला. आधी लढाया, दुष्काळ, भूकंप... थेट माझ्या पत्रकासारखं. आणि त्या सगळ्या पडझडीत मधेच ही कोवळी डहाळी. अर्थ तिचाच बरोबर होता. तेच जास्त झोंबलं.

पुढे सुवार्ताला कावीळ झाली आणि बघता बघता हाताबाहेर गेली. दवाखान्यातही तिच्या खाटेभोवती बायाच. इतक्या वर्षांची मैत्रीण मी, आणि जागा मिळाली पायथ्याशी.

यंदा तहसीलवर कोण येणार, या काळजीनं मागच्या आठवड्यात तिच्या घरी गेले. सुवार्ता गेली हे विहिरींना थोडंच कळतं, त्या आटणारच. तिची आई भांडी घासत होती. अंजिराखाली वस्तीवरच्या दोघी उभ्या. "रोज कोणी ना कोणी येते," आई म्हणाली, "डहाळी दाबून पायते अन् जाते."

त्यातली एक माझ्याकडे वळली. "कवळी झाली वं. कधी जाचं, पुनम?"

पत्रक कोणी मागितलं नाही. मी सोमवार सांगितला. मेल्यावरसुद्धा बाया हिनंच गोळा करायच्या...

त्या गेल्यावर मी झाडापाशी गेले. खालच्या डहाळीला एकच हिरवं टोक फुटलं होतं. चिमटीत धरलं तर मऊ लागलं, वाकलं. त्याच्याखालची साल मात्र गुळगुळीत झाली होती. माझ्याआधी सगळ्यांची बोटं तिथं लागून गेली होती.