डेअरीतलं नाक आणि बिनवासाचा रंग

मला वास येत नाही. (अंगाला येत असेल, तर ते इतरांनी सांगावं. नाकाला येत नाही, एवढंच माझं म्हणणं.)

बाराव्या वर्षी मला दणकून सर्दी झाली. तीन आठवड्यांनी ती गेली आणि जाताना वास घेऊन गेली. आधी वाटलं, येईल परत. मग वाटलं, कुणाला तरी सांगावं. पण मी मुळात कमी बोलणारा. सांगू सांगू म्हणता मिसरूड फुटलं, नोकरी लागली, लग्न झालं, आणि सांगायची वेळ टळून गेली. माणसं मोठमोठी पापं लपवतात. मी नाक लपवलं. तेही चेहऱ्याच्या मधोमध असलेलं!

बरं, नोकरी कुठं लागावी? रहिमतपूर रस्त्यावरच्या एका डेअरीत, दूध उतरवायच्या धक्क्यावर. काम काय? आलेल्या प्रत्येक कॅनचं झाकण उघडायचं, वास घ्यायचा आणि आंबूस दूध बाजूला काढायचं! पहिल्या दिवशी घाम फुटला. दुसऱ्या दिवशी युक्ती सापडली. झाकण नाकाशी धरायचं आणि डोळे दूध आणणाऱ्याच्या तोंडाकडं ठेवायचे. दूध चांगलं असलं की गडी निवांत तंबाखू मळत असायचा. आंबलेलं असलं की उगाच हसायचा. "काय साहेब, पोरंबाळं बरी हाईत न्हवं?" माझ्या पोरांची चौकशी झाली की तो कॅन बाजूला! चुकलोच तर मागं प्रयोगशाळा होती, म्हणून लोकांच्या पोटात नासकं दूध गेलं नाही. पण चार-पाच वर्षांत माझ्या नाकाचा तालुकाभर बोलबाला झाला. उघडं पडायच्या भीतीनं रात्रीची झोप मात्र गेली.

आमच्या घरात नुकताच रंगीत टीव्ही आला होता, तेव्हाची, म्हणजे नव्वदीतली ही गोष्ट. साताऱ्यातल्या आमच्या तीन खोल्यांना वर्षानुवर्षांचा चुना होता. टेकलं की पाठ पांढरी. तोच चुना उडून आईच्या छातीत जायचा. तिला दमा. डॉक्टरांनी बजावलं, "भिंती रंगवून घ्या. पण ऑइलपेंट लावलात तर त्या वासानं आजींना घरात राहता यायचं नाही. हल्ली पाण्यात कालवायचा, वास नसलेला रंग मिळतो. तो बघा."

तेवढ्यासाठी आईला सांगलीजवळच्या माधवनगरला माझ्या बहिणीकडं, अक्काकडं, नेऊन सोडलं. एसटीत बसताना आई म्हणाली, "बापू, लवकर उरक बाबा. लेकीच्या दारात किती दिस पाव्हणी म्हणून बसू? माझी खाट, माझी खिडकी सोडून मला झोप न्हाई लागत."

आणि बायकोनं, सुनंदानं, मला एकच गोष्ट सांगितली. "आवं, रंग तुमीच आणा. डबा उघडून वास घिऊनच आणा. डेअरी तुमाला नाकाचा पगार देती, घराला त्येचा कवा तरी उपेग हू द्या!"

आईला सोडून येता येता सांगलीतल्या एका रंगाच्या दुकानात शिरलो. शेठ गादीवर बसून तपकीर ओढत होते. मी काम सांगितलं. डेअरीचंही सांगितलं (कशाला सांगितलं!). शेठ खूश झाले. "मग तुमीच पारख करा साहेब. आमचं काय, तीस वर्सं रंगात अन् तपकिरीत गेली!" ही खूण मला तिथंच कळायला हवी होती. कळली नाही.

त्यांनी पहिला डबा उघडला. मी वाकलो, दीर्घ श्वास घेतला आणि नेहमीच्या सवयीनं शेठच्या तोंडाकडं बघितलं. शेठचा चेहरा वेडावाकडा झाला, डोळे मिटले, नाकपुड्या फुगल्या.

"फार उग्र!" मी झटकन म्हणालो.

"आऽऽक् छी!" शेठ शिंकले. "उग्र म्हंता? कंपनीवाला तर म्हनतो, ह्योच सगळ्यात बिनवासाचा."

"असेल. माझ्या नाकाला जाणवला."

दुसरा डबा जरा जुना होता. झाकण पेचकसानं उचकटावं लागलं. पुन्हा वाकलो, पुन्हा वर बघितलं. शिंकून मोकळे झालेले शेठ बुद्धमूर्तीसारखे शांत.

"हा! ह्याला काही म्हणजे काही वास नाही!"

"डिस्टेंपर हाय, पाण्यात कालवायचा. गेल्या साली आलेला. तुमी म्हंता तर घ्या की."

ज्याचं नाक तपकिरीनं मेलंय आणि ज्याला नाकच नाही, अशा दोघांनी मिळून माझ्या आईच्या छातीसाठी रंग निवडला. तसले चार डबे घेऊन मी शीळ घालत साताऱ्याला आलो!

रंगारी रज्जाकभाई. आमच्या पेठेतल्या निम्म्या भिंतींवर त्यांचा हात फिरलेला. त्यांनी डबा उघडला आणि मान अशी वळवली, जणू दाराबाहेर कुणी हाक मारली असावी.

"साहेब, ह्यो वास घिऊनच आणला न्हवं?"

"हो. का?"

"न्हाई... काय न्हाई."

"बोला की."

"तुमच्या म्होरं म्या काय बोलनार? माझंच नाक टर्पेंटाइननं मेलं आसंल आता. वय झालं." एवढं बोलून तो भला माणूस तोंडाला रुमाल बांधून कामाला लागला. मधूनमधून स्वतःच्या नाकाला हळूच चिमटा काढून बघायचा. ते पाहून मी तिथून काढता पाय घेतला.

दुसऱ्या दिवशी सुनंदा म्हणाली, "आवं, घरात दूध नासल्यागत वास येतोय."

नासलेलं दूध! जगातला नेमका तो एक वास, ज्याचा मी पगार घेत होतो! मी छाती भरून श्वास घेतला आणि अधिकारवाणीनं सांगितलं, "छे!"

"मग मलाच भास व्हतोय व्हय?" तिनं विरजण फेकलं, मोरी तीनदा घासली, पिठाचे डबे उन्हात टाकले. वास तसाच. शेजारचे सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले. ते काठी घेऊन आले. दारातच नाक धरून म्हणाले, "मेलेला उंदीर! लय मोठा. पुरा एरिया सर्च करावा लागंल!" दुपारभर सर्च झाला. उंदीर मिळाला नाही. वरची सात कौलं मात्र फुटली.

खरं सांगतो, भीतीपेक्षा मला कुतूहलच जास्त होतं. घरात अशी एक गोष्ट होती, जिच्याबद्दल सगळी आळी बोलत होती आणि मला ती दिसत नव्हती, ऐकू येत नव्हती. मी एकेकाला गाठून विचारू लागलो. "टोचतो का चिकटतो? एका जागी थांबतो का फिरतो? भिंतीकडं जास्त आहे का मधोमध?"

सुनंदा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "डेअरीत तुमी करता तरी काय मग?"

मी चपला शोधू लागलो.

तेवढ्यात सुभेदारांच्या घरी आईचा फोन आला. मी धावत गेलो. "बापू, झाला का रं रंग? मी रविवारी येतीया. दाजी आणून सोडत्यात. वास न्हाई न्हवं?"

आतापर्यंत मला पुरतं कळलं होतं. दहा माणसं नाकाला पदर, रुमाल, टोपी लावून माझ्या घरातून बाहेर पडताना मी बघितली होती. त्याच वेळी 'थांब आई' म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "नाही. ये."

ह्या एका शब्दाचं ओझं मी अजून वाहतोय.

रविवारी आई आली. खिडकीजवळची खाट सुनंदानं धुतलेली चादर घालून तयार ठेवली होती. आईनं हौसेनं उंबरा ओलांडला. दोन पावलं टाकली. थांबली. खोकली. आणखी खोकली. तशीच मागं फिरून बाहेर ओट्यावर बसली आणि पिशवीतून दम्याचा पंप काढून ओढू लागली. मी, सुनंदा, दाजी, रज्जाकभाई, सुभेदार, सगळे तिच्याभोवती. हळूहळू तिचा श्वास खाली बसला. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मग सुनंदाकडं.

"सुनंदा, रंग कुणी निवडला गं?"

"ह्येंनीच की. वास घिऊन."

"ह्येनं? आगं, ह्येला वास कुठं येतोय!"

सुभेदारांच्या हातातली काठी खाली पडली, ती पार कोपऱ्यापर्यंत ऐकू गेली असेल.

"आई, तुला ठाऊक होतं?"

"तू बारा वर्सांचा व्हतास. चुलीम्होरं बसून पुस्तक वाचत व्हतास, अन् दूध करपून पार कोळसा झालं. समदी आळी पळत आली, तू पान उलटलंस! तवाच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"नोकरी लागंल का, पोरगी मिळंल का, ह्या काळजीनं. तू मला फसवतुयास आसं तुला वाटत व्हतं. वाटू दिलं."

सगळ्यात आधी तोंड उघडलं ते रज्जाकभाईंनी, आणि तेही आनंदानं. "या आल्ला! म्हंजी माझं नाक जितं हाय! साहेब, ह्या डिस्टेंपरात रंग भित्तीला धराया दुधाचाच गोंद आसतो. डबा जुना झाला की दह्यावानी आंबतंय. मी आठ दिस झाले मनाशी म्हंतोय, म्हाताऱ्या, तुझं संपलं!"

सुनंदाचा हात मात्र केसांकडं गेला. "सोळा वर्सं मी मोगऱ्याचा गजरा माळती. तुमी म्हंता, काय सुरेख वास येतोय. ते कसं काय?"

"तुझा चेहरा बघून म्हणायचो," मी खालमानेनं सांगितलं. "गजरा घातलास की तू खूश दिसायचीस."

ती उठून आत गेली आणि नासक्या दुधाच्या वासात जाऊन बसली. माझ्यावर चिडली होती की रडत होती, ते कळायला चेहरा समोर नव्हता!

आई त्याच दिवशी उलट्या पावली माधवनगरला गेली. मी रजा काढून रज्जाकभाईंच्या बरोबरीनं चार दिवस पॉलिश पेपरनं भिंती घासल्या. मग पुन्हा सांगलीला गेलो, आता आईला बरोबर घेऊन. शेठनं डबे उघडले. आईनं लांबूनच एकेक हुंगला आणि बोट ठेवलं ते नेमकं मी 'फार उग्र' म्हटलेल्या डब्यावर.

"आजी, साहेबांला तर ह्योच उग्र लागला व्हता!"

"त्येचं नाक निस्तं फोटोपुरतं हाय," आई म्हणाली.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा उंबऱ्यात उभी राहिली. दोन पावलं टाकली. आणखी दोन. खिडकीशी जाऊन खाटेवर टेकली आणि सावकाश, भरभरून श्वास घेतला. मी जीव मुठीत धरून तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो. ह्या वेळी तरी मला तो नीट वाचायचा होता.

"कसला वास येतोय, आई?"

"कसलाच न्हाई बघ."

मी सुनंदाकडं वळलो. "तुला?"

"कायबी न्हाई."

"रज्जाकभाई?"

"बिल्कुल न्हाई, साहेब!"

मीही छाती फुगवून हुंगलं. सोळा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच, घरातल्या समस्त मंडळींना मला येतो तेवढाच वास येत होता!