म्हशीच्या वाटचा कोंडा

देवळालीत आमच्या शेजारी राहणाऱ्या अण्णांना पोळी पांढरीशुभ्र लागते. सुनेने दळून आणलेलं पीठ ते स्वतः मैद्याच्या चाळणीने चाळतात आणि कोंडा म्हशीला घालतात. पालेभाजी ताटाबाहेर. मग सकाळी संडासातून तासाभराने बाहेर येतात आणि सुनेवर खेकसतात, "काय घालती गं जेवनात? पोटच साफ व्हत न्हाई."

परवा माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अण्णा, तिला कशाला बोलता? कोंडा पिठातच राहू द्या, भाजी खा."

"कोंडा खायला मी जनावर हाय का?" म्हणाले आणि सुनेला चूर्ण आणायला पिटाळलं.

ती चप्पल घालत होती, तेवढ्यात गोठ्यात म्हशीने आरामात शेणाचा पो टाकला. चप्पल काढून तिने आधी तो उचलला.