ढिगातला देखणा खडा

बाईंनी नाकावर कधी माशी बसू दिली नाही. रसायनशास्त्र विभागात धातूंच्या संयुगांवर काम करणाऱ्या त्या एकट्या, आणि त्यांचं नाव झालं ते बावीस वर्षांपूर्वीच्या एका शोधनिबंधामुळे. तांब्याचं एक निळं संयुग होतं, हवेतला ओलावा भराभर शोषणारं. त्याच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडून बाईंनी आतल्या अणूंची रचना मांडली. त्या काळी एका मोजणीला तीन आठवडे लागायचे. घरी मुलगी तापाने फणफणलेली आणि बाई यंत्रापाशी, असेही दिवस गेले. ती आकृती पुढे पाठ्यपुस्तकात छापली गेली.

आज दहा वाजता धाकटीची पीएचडीची तोंडी परीक्षा होती. धाकटी म्हणजे बाईंची शेवटची विद्यार्थिनी. तिचं सगळं काम त्याच निळ्या संयुगावर. आठ वाजता प्रबंध चाळताना बाई पान एकशे बारावर थबकल्या. भुकटीवर क्ष-किरण सोडून काढलेला आलेख बाईंच्या रचनेशी जुळत नाही, असं लिहून पोरीने पुढे जोडलं होतं, 'माझे नमुने अशुद्ध असावेत.' हे वाक्य मसुद्यातही होतं. तेव्हा बाईंनी घाईघाईने पान उलटलं होतं.

अशुद्ध? या पोरीचे? चमचासुद्धा तीनदा धुणारी ही!

सूक्ष्मदर्शकाखाली सुईने स्फटिकाचा खडा निवडताना त्या नेहमी सर्वांत देखणा, धारदार कडांचा उचलत. रचना निघते त्या एकाच खड्याची. बाकीचा ढीगही तसाच असणार, हे आपण धरून चालतो. आणि तो देखणा खडा म्हणजे ढिगात चुकून शिरलेला पाहुणा असेल तर?

बावीस वर्षांपूर्वीच्या नमुन्याची मूळ बाटली कपाटात होती, तोंडाला मेण लावलेली. बाईंनी मेण खरवडलं, चिमूटभर भुकटी यंत्रात ठेवली. चाळीस मिनिटं थांबायचं होतं. त्यांनी घरी फोन लावून सगळं सांगितलं.

"अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची," नवरा म्हणाला. "दोन वर्षांत निवृत्त होशील. आजच कशाला उकरून काढतेस?"

"पोरगी नापास होईल."

"आणि तुझं काय होईल?"

बाईंनी फोन ठेवला. पडद्यावर आलेखाचं एकेक शिखर उगवत होतं. पहिलं भलतीकडेच. दुसरंही. पाचव्यानंतर त्यांनी आपल्या रचनेशी ताडून बघणं सोडलं. मग धाकटीचा आलेख शेजारी धरला. तो तंतोतंत जुळला.

परीक्षेच्या खोलीत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. "चार वर्षांत एक शुद्ध नमुना करता आला नाही? मग पुढच्या मोजमापांवर विश्वास कसा ठेवायचा?"

धाकटी चाचरली. "सर, माझ्याच हातून काहीतरी..."

"खोटं बोलू नकोस," बाई म्हणाल्या. मार्गदर्शकाने मधे बोलायचं नसतं. परीक्षकांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं.

"बाई, नको ना," धाकटी कुजबुजली. "ते पुस्तकात आहे."

"पुस्तकात आहे म्हणूनच." बाईंनी सकाळचा आलेख टेबलावर सरकवला. "हिचा नमुना शुद्ध आहे. रचना माझी चुकली. मी भलताच खडा उचलला होता."

परीक्षक बराच वेळ दोन्ही आलेख एकमेकांवर धरून पाहत राहिले. "मग हिच्या कामात खोट नाही," ते शेवटी म्हणाले. धाकटीने खुर्चीचा हात घट्ट धरला. परीक्षक बाईंकडे वळले. "आणि हे तुम्हाला कधी कळलं?"

'आज सकाळी' एवढंच म्हटलं असतं, तर ते खरंही होतं आणि त्यावर निभावलंही असतं.

"कळलं आज," बाई म्हणाल्या. "शंका अकरा वर्षांपासून होती. म्हणून तर बाटलीला हात लावला नाही."