चाळणीखालचा नर

सांगतो, पण हसायचं शेवटी. मध्येच हसलात तर मी गोष्ट बदलेन, आणि माझ्याकडे खरी अशी ही एकच आहे.

अमेरिकेतल्या डब्लिनमधल्या आमच्या मराठी मंडळींत मी वीस वर्षं सर्पमित्र होतो. लहानपणी बत्तीस शिराळ्याला मामाकडे सात नाग हातानं धरले, असं पहिल्याच पॉटलक जेवणाला सांगून बसलो होतो. मामा शिराळ्याचा, हे खरं. त्याच्याकडे मी नाग पाहिला तो कॅलेंडरवर.

तर ऐन नागपंचमीला, पाहुणे यायच्या तासभर आधी, बायको परसातली अळूची पानं खुडायला गेली आणि शांतपणे परत आली.

"अहो, अळवात साप आहे. तुमचं काम."

हातभर लांब, काळपट, अंगावर पिवळे पट्टे. मी दारातूनच पाहिला.

आमची सई, इथेच जन्मलेली, खिडकीतून म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ गार्टर स्नेक. गोगलगायी खातो. लीव्ह इट अलोन."

"आणि आज जमीनसुद्धा खणत नाहीत," बायको म्हणाली. "तुम्ही त्याला घराबाहेर काढणार?"

पण वीस वर्षांची अब्रू होती हो! बार्बेक्यूचा चिमटा घेतला, बागेतली बादली घेतली. दहाव्या झटापटीत तो आत पडला, आणि पडता पडता माझ्या हातावर असा वास सोडला की तीनदा साबण लावूनही पुरणाच्या दिंडांना तोच वास. बादलीवर पिठाची चाळणी, चाळणीवर वीट.

जेवताना साप वाढत गेला. वरणभाताला दोन हात होता, ताकापर्यंत चार.

"नर आहे," मी म्हणालो.

"कशावरून?" नागपूरचा प्रशांत.

"नजरेवरून. नर रोखून बघतो."

"मग दाखव ना यार."

सगळे बादलीभोवती जमले. मी ऐटीत चाळणी उचलली.

तो नर निवांत पडला होता, आणि त्याच्याभोवती पिल्लंच पिल्लं. वीतभर लांब, बुटाच्या नाडीएवढी, ओली, प्रत्येकाच्या अंगावर तेच पिवळे पट्टे. आमच्यादेखत आणखी एक आलं. अंडं नाही, काही नाही. पातळ पापुद्र्यात गुंडाळलेलं. त्यानं नाकानं पापुद्रा फोडला आणि जगात येऊन पहिलं काम काय केलं असेल? जीभ बाहेर काढून आमची हवा चाखली.

प्रशांतनं नकळत चपला काढल्या. मी हात जोडले, त्याच वासाचे.

"ट्वेंटी-सिक्स," सई कुजबुजली.

बायकोनं बादलीपुढे हळदकुंकू वाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाळंतिणीला आता तिच्या घरी सोडा. आणि ती चाळणी यापुढे तुमची."

बादली अळवात आडवी केली. एकेक नाडी पानांखाली सरकत दिसेनाशी झाली. शेवटची जाईपर्यंत आम्ही नऊ माणसं गवतात उकिडवी बसून होतो. ताक पातेल्यात तसंच.

आता आमच्या अळवाच्या पानाला गोगलगायीचं एक भोक सापडणार नाही. आणि मंडळींत कुणाच्या बागेत साप निघाला की फोन अजूनही मलाच येतो.

"सुईणकाका, जरा येता का? नजरेवरून सांगा, कितवा महिना आहे."