बशीरभाईचा अंगठा

हे मी कोनालेच सांगतलं नाई. बायकोले नाई, पोराले नाई, देवळात नाई का दर्ग्यावर नाई. आज सांगून राहिलो, तं म्हातारा मऊ झाला असं समजू नका. मऊबिऊ कोनी झालं नाई.

अकोल्यात माह्यासारखं टायमिंग कोनी लावलं नाई — हे पैले ऐका. शाळा चवथीतच सुटली, पन इंजिनाचं बोलनं मले समजे. डिलको — इंजिनात करंट कवा पडन ते ठरवनारा डबा — ढिला करायचा, हळूच फिरवायचा, आवाज मोकळा झाला का तिथून केसभर मांगं आनायचा आन् आवळून टाकायचा. मंग कार्बोरेटरचा पेच फिरवून उभ्या गाडीचा स्लो बसवायचा — असा, का बोनटवरची कपबशी वाजू नाई. पुलीवर खूण असते, बाकीचे मिस्तरी ते पाहून टायमिंग लावत. मी म्हनो, "घड्याळ पाहून भूक लागते काय बे तुमाले?" हसत सारे. खोटं होतं काय ते?

बशीरभाई माहा दोस्त. त्याची जुनी अँबेसेडर दर्यापूरच्या रस्त्यावर भाड्यानं चाले. तवा कापसानं साऱ्या वऱ्हाडाले मारलं होतं, टॅक्सीत बसन कोन? बॅटरीत स्टार्टर फिरवाचा जोर राहिला नाई, तरी त्यानं नवी घेतली नाई. समोरून हँडल मारूनच गाडी चालू करे. आन् हँडल धरायची रीत लेकराले बी ठाऊक — अंगठा बोटांच्याच बाजूनं, बाहेर. आत वळवला आन् इंजिनानं उलटा झटका देल्ला, तं हात गेला समजा.

त्या दिवशी तो म्हने, "मिस्तरी, गाडी वढत नाई. आज जरा खूण पाहून घे ना."

खूण! मले!

राग आला, आन् त्या रागातच चालू गाडीचा डिलको फिरवला. आवाज मोकळा झाला. तिथून केसभर मांगं आनला काय? — थांबा, सांगतो. नाई आनला. पेचानं स्लो गोड बसवून देल्ला, गाडी बंद केली आन् म्हनलं, "मार आता हँडल."

करंट आंधीच पडला. हँडल उलटं फिरलं, हातातून सुटून मनगटावर बसलं. मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला — कान चांगला, म्हनलं ना.

मानसं धावली. कोनी काही बोलाच्या आंधी मीच वरडलो, "अंगठा आत घेतला ना बे! किती डाव सांगतलं!"

बशीरभाईनं हाताकडे पाह्यलं. मंग माह्याकडे. "हो रे मिस्तरी. घेतला असन."

घेतला असन! भांडला असता तं मी बी भांडलो असतो. काहून मानलं त्यानं?

सारे त्याले घेऊन दवाखान्यात गेले. मी एकट्यानं डिलको मांगं आनला. खूण पाहून. जिंदगीत तोच एक डाव.

हात वाकडा बसला, गाडी इकली. आता तो दर्यापुरात साळ्याच्या पानठेल्यावर बसते. कोनी ड्रायवर आला का मनगट दाखवते, "माह्यासारखं करू नका बाप्पा, अंगठा बाहेर ठेवा." कोनी कामात येंधळेपना केला तं लोकं म्हनतेत, 'झाला का बशीरचा अंगठा!' आन् मी बी हसतो.

माफी मांगून नाई राहिलो. माहा कान चांगला होता, आज बी म्हनीन. पन त्यानं हँडल धरलं तवा मी बाजूलेच उभा होतो. नजर त्याच्या हातावरच होती.

अंगठा बाहेर होता.