पोटातले भाडेकरू

हाताला सलाइन लावून एकाच खोलीत तासन्‌तास बसवलं की माणसं दोनच गोष्टी करतात. झोपतात, नाहीतर बोलतात. आमच्या हॉस्पिटलच्या डे-केअरमध्ये झोपणारं कुणी नव्हतंच! मग किस्से साठणारच ना?

मी मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कची, बँकेतून रिटायर झालेली. शेजारच्या खुर्चीत काशीगावचे पाटीलभाऊ, पूर्वीचे भातशेतीवाले. पलीकडे चौक गावची फिलोमिना, मासळी विकणारी. तिघांनाही फुफ्फुसाचा कॅन्सर, तिघांनाही इम्युनोथेरपी. देवाने आजार दिला, पण कंपनी झकास दिली!

*

सुरुवातीलाच डॉक्टरांनी समजावलं, "हे औषध कॅन्सरला थेट मारत नाही. तुमच्या प्रतिकारशक्तीला लागलेला ब्रेक सोडतं. आणि आतड्यातले चांगले बॅक्टेरिया तिला मदत करतात, असं दिसतंय. अजून अभ्यास चाललाय, पण त्यांना उपाशी ठेवू नका. भाज्या, डाळी, कडधान्यं खा."

पाटीलभाऊंच्या काशीगावात चाळी आहेत. ते लगेच म्हणाले, "म्हंजे पोटात भाडेकरू हायेत! मंग राहू द्या की. आपन कंदी कोनाला काढलं न्हाय!"

*

माझ्या मुलाने काळजीपोटी ऑनलाइन प्रोबायोटिक कॅप्सूल मागवल्या. मी बाटली घेऊन डाएटिशियनकडे गेले. फोरम नावाची गुजराती मुलगी, बोलायला एकदम गोड.

"आंटी, डॉक्टरला विचारल्याशिवाय हे नको. एकाच टाइपचे जंतू भरून काय फायदा? पोट कसं पायजे, आपल्या मीरा रोडसारखं. सगळे पायजेत!"

त्या दिवसापासून घरात नाचणी, मटकी, पालेभाज्या सुरू झाल्या. महिन्याभरात आमचे हे म्हणाले, "तुझ्या जंतूंचे उपकार गं, माझंही पोट साफ व्हायला लागलं!"

*

अँटिबायोटिक उगाच घेतलं तर चांगले जंतूही मरतात, हे फिलोमिनाने फारच मनावर घेतलं. एकदा तिला न्यूमोनिया झाला. अंगात ताप, बोलताना धाप, तरी बाई इंजेक्शन घेईना! "माजे जंतू मरतील!" मुलगी रडकुंडीला आली.

शेवटी डॉक्टर तिच्या कॉटशी येऊन बसले. "फिलोमिनाबाई, उगाच घेऊ नका म्हटलं होतं. हे उगाच नाही. आधी तुम्ही जगा, मग जंतूंचं बघू!"

तिने मुकाट्याने हात पुढे केला. बरी झाल्यावर आधी चर्चमध्ये गेली आणि मेणबत्त्या लावून आली. एक डॉक्टरांच्या नावाने, एक माझ्या, एक पाटीलभाऊंच्या.

"आनि एक जंतूंची," ती म्हणाली. "त्यांचं कोन हाय?"

*

हा किस्सा मात्र मी भेटेल त्याला सांगते. पाटीलभाऊ आता दुसऱ्या औषधावर आहेत, छान आहेत. पण तेव्हा त्यांचा स्कॅन वाईट आला. माझा आणि फिलोमिनाचा चांगला. आम्हाला धड हसताही येईना.

फिलोमिनाने डॉक्टरांना गाठलं. "आमाला लागू पडलं, मंग पाटलांना का न्हाय?"

"कारणं बरीच असतात. पोटातले जंतू हेही एक असेल. परदेशात काही ठिकाणी, ज्याला औषध लागू पडलंय त्याची विष्ठा तपासून घेतात आणि त्यातले जंतू दुसऱ्याच्या पोटात सोडून बघतात. पण तो अजून प्रयोगच आहे. आपल्याकडे नाही होत."

फिलोमिनाने सगळं नीट ऐकून घेतलं.

पुढच्या वेळी ती चौकहून बसने आली. काखेत मासळीचा थर्माकोलचा खोका, आत बर्फ, बर्फात घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. तडक केबिनमध्ये जाऊन तिने तो डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

डॉक्टर खूश! "अरे वा, पापलेट?"

"न्हाय डॉक्टर, माजं हाय. पाटलांसाठी."

आणि सवयीने पुढे म्हणाली, "एकदम ताजं हाय!"